बँकेतील संगणक-अभियंत्याची मुलाखत : साखरखेर्ड्याच्या उमेदवाराची पूर्वतयारी



बँकेतील नोकरी म्हटली की ग्रामीण भागातील अनेकांच्या डोळ्यांपुढे अजूनही रोखपालाची जाळीमागची खुर्ची, जाडजूड खातेवह्या आणि शाखाधिकाऱ्याची खोली उभी राहते. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १५ एप्रिल १९८० रोजी त्यांत आणखी ६ बँकांची भर पडली आणि बँकेचे दार खेड्यातील खातेदाराला उघडे झाले. हे चित्र त्या काळातील आहे. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणासंबंधी आपला अहवाल दिला, तेव्हा संगणक आला तर माणसाचे काम जाईल, ही धास्ती बँक-कर्मचाऱ्यांत मोठ्या प्रमाणावर होती. पुढे ‘कोअर बँकिंग’ पद्धती आली. खाते एका शाखेचे न राहता संपूर्ण बँकेचे झाले, आणि खातेवहीची जागा मध्यवर्ती संगणकाने घेतली. या स्थित्यंतरातून बँकेत एका नव्या अधिकाऱ्याची गरज निर्माण झाली. तो म्हणजे सॉफ्टवेअर तयार करणारा व सांभाळणारा संगणक-अभियंता होय.

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा या गावाच्या दृष्टीने या गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. जिल्ह्यात शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अमरावती, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथेही विद्यार्थी जातात. संगणकशास्त्राची पदवी शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या घरात येणे ही आता अपूर्वाईची बाब राहिलेली नाही. लेखी परीक्षेचा अडथळाही कष्टाळू विद्यार्थी ओलांडतो. परंतु पुष्कळदा त्याची गाडी अडते ती मुलाखतीच्या खोलीत. विषय ठाऊक असूनही तो मांडता येत नाही, किंवा एखादे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात नसते, आणि चार वर्षांच्या कष्टांवर अर्ध्या तासात पाणी पडते. ही हानी टाळता येण्यासारखी आहे, आणि ती टाळण्याच्या कामी शिक्षक, महसूल कर्मचारी व पंचायत सदस्य यांचा वाटा उमेदवाराइतकाच मोठा आहे.

नोकरीचे दोन मार्ग

मोठ्या बँकेत संगणक-अभियंता म्हणून प्रवेश मिळविण्याचे प्रामुख्याने दोन मार्ग आहेत. पहिला सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचा. ‘आयबीपीएस’ या निवड संस्थेमार्फत अनेक बँकांसाठी विशेषज्ञ अधिकाऱ्यांची एकत्रित भरती होते व त्यात माहिती-तंत्रज्ञान अधिकारी हे पद असते. भारतीय स्टेट बँक आपली भरती स्वतंत्रपणे करते. तिचे माहिती-तंत्रज्ञानाचे मोठे केंद्र नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. बँक ऑफ महाराष्ट्रचे मुख्यालय पुण्यात आहे. दुसरा मार्ग खाजगी व परदेशी बँकांचा. बार्कलेज, डॉइश बँक, एचएसबीसी यांसारख्या बँकांची तंत्रज्ञान-केंद्रे पुण्यात आहेत आणि तेथे जगभरच्या व्यवहारांचे सॉफ्टवेअर लिहिले जाते.

या दोन मार्गांवरील मुलाखतींचे स्वरूप वेगळे असते. आयबीपीएसच्या विशेषज्ञ अधिकारी भरतीत गेली अनेक वर्षे मुलाखत १०० गुणांची असून अंतिम यादी करताना मुख्य परीक्षेला ८० व मुलाखतीला २० असे वजन देण्याची पद्धत आहे. २० हा आकडा लहान वाटतो. परंतु लेखी परीक्षेत एकेका गुणाच्या अंतराने उभे असलेल्या उमेदवारांमध्ये निवड त्यावरच ठरते. खाजगी व परदेशी बँकांत बहुधा प्रथम संगणकावर प्रोग्राम लिहिण्याची चाचणी असते, त्यानंतर तांत्रिक मुलाखतीच्या एक वा अधिक फेऱ्या होतात आणि शेवटी स्वभाव, वेतन व कामाचे ठिकाण यांविषयी बोलणे होते. आपण कोणत्या मार्गाने जाणार आहोत, हे उमेदवाराने आधी निश्चित करावे. दोन्हींची पायाभूत तयारी एकच असली, तरी सरावाचा भर निराळा ठेवावा लागतो.

जाहिरात आणि कागदपत्रे

तयारीची सुरुवात जाहिरातीपासून होते. ती मित्राकडून ऐकू नये, बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः वाचावी. शैक्षणिक पात्रता, वयाची मर्यादा, ती कोणत्या दिनांकास मोजावयाची आणि प्रमाणपत्रांचा नमुना या चार बाबींखाली लाल रेघ ओढावी.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत ग्रामीण उमेदवारांचे विशेष नुकसान होते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची भरती केंद्र शासनाच्या नियमांनुसार चालते. त्यामुळे इतर मागासवर्गीय उमेदवाराला केंद्राच्या विहित नमुन्यातील, ‘नॉन-क्रीमी लेअर’चा उल्लेख असलेले प्रमाणपत्र लागते. राज्यातील प्रवेशासाठी काढलेला कागद तेथे चालेलच असे नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे राज्याच्या यादीतील स्वतंत्र प्रवर्ग केंद्रीय भरतीत नसतात. संबंधित जात केंद्राच्या यादीत कोठे आहे, हे पाहावे लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र कोणत्या आर्थिक वर्षाचे हवे, हेही जाहिरातीत दिलेले असते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि पदवीवर तिसरे, ही स्थितीही क्वचित आढळणारी नाही.

येथे महसूल कर्मचाऱ्याचे व सेवा केंद्राच्या चालकाचे काम सुरू होते. उमेदवार अर्ज घेऊन आला म्हणजे ‘राज्यासाठी की केंद्रासाठी?’ एवढा एक प्रश्न त्याला विचारला, तरी पुढचा मोठा अनर्थ टळतो. मुख्याध्यापकांनीही दहावीच्या वर्गातच नावाची अक्षरे व जन्मतारीख तपासून घेण्याची प्रथा पाडावी. दहा वर्षांनंतरच्या मुलाखतीची ती पहिली तयारी ठरेल.

तांत्रिक तयारीचे मर्म

मुलाखत मंडळ प्रश्न पुष्कळ विचारते. माहितीची मांडणी, डेटाबेस, संगणकांचे जाळे, सुरक्षितता, प्रोग्रामची भाषा असे विषय त्यात येतात. परंतु बँकेच्या मुलाखतीत या सर्व प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न असतो : दुसऱ्याचा पैसा या तरुणाच्या हाती सुरक्षित राहील काय? हे ध्यानी ठेवून अभ्यास केला म्हणजे विखुरलेले विषय एका सूत्रात येतात.

एक साधे उदाहरण घेता येईल. साखरखेर्ड्याच्या एका खातेदाराने मुलाच्या वसतिगृहासाठी २,००० रुपये पाठविले. संगणकाला दोन कामे करावयाची आहेत : बापाच्या खात्यातून रक्कम वजा करणे आणि मुलाच्या खात्यात ती जमा करणे. पहिले काम झाले आणि त्याच क्षणी यंत्र बंद पडले, तर पैसा कोठे गेला? याचे उत्तर असे की, बँकेच्या डेटाबेसमध्ये ही दोन कामे मिळून एकच व्यवहार मानला जातो. तो पुरा होतो किंवा मुळीच होत नाही. अर्धवट अवस्थेत तो राहू दिला जात नाही. पुरा झालेला व्यवहार वीज गेली तरी पुसला जात नाही. पुस्तकात याच गुणांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲसिड’ म्हणतात. पुष्कळ विद्यार्थी ती चार अक्षरे पाठ म्हणतात. बापाचे २,००० रुपये त्यांमुळे कसे वाचले, हे सांगणारा उमेदवार मंडळाच्या लक्षात राहतो.

याच उदाहरणाचा विस्तार करता येतो. पतिपत्नींच्या संयुक्त खात्यात ५,००० रुपये आहेत. पतीने बुलढाण्यात आणि पत्नीने साखरखेर्ड्यात एकाच क्षणी ४,००० रुपयांची मागणी केली. दोन्ही संगणकांनी शिल्लक पाहिली व दोघांनाही ती पुरेशी दिसली, तर ८,००० रुपये दिले जातील. हे टाळण्यासाठी एका व्यवहाराचे काम होईपर्यंत त्या खात्याची नोंद दुसऱ्यापुरती रोखून धरावी लागते. त्यालाच कुलूप लावणे म्हणतात. दोन व्यवहार एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकून बसले, तर काय करावे, हा मंडळाचा पुढचा प्रश्न असतो, आणि त्याचेही उत्तर तयार असावे.

तिसरा प्रसंग मोबाईलवरील व्यवहाराचा. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय पद्धती सुरू झाली आणि किराणा दुकानापर्यंत पोहोचली. जाळे क्षीण असलेल्या ठिकाणी ग्राहक ‘पाठवा’ हे बटण दाबतो, उत्तर येत नाही, म्हणून पुन्हा दाबतो. पैसे दोनदा जाऊ नयेत यासाठी प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आला तर नवा व्यवहार न करता जुन्याचेच उत्तर परत द्यावे लागते. एटीएमने नोटा दिल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर बँकेने ती ५ दिवसांच्या आत आपणहून परत करावी, उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिले. असा नियम प्रत्यक्ष पाळणारा प्रोग्राम संगणक-अभियंताच लिहितो. म्हणून रिझर्व्ह बँकेची महत्त्वाची परिपत्रके वाचणे हाही तांत्रिक तयारीचाच भाग होय.

हिशेबाच्या अचूकतेसंबंधीचा एक प्रश्न तर शाळेतील शिक्षकांनाही रंजक वाटेल. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो. त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची सामान्य रीतीने बेरीज केली असता नेमके ०.३ मिळत नाहीत. अतिसूक्ष्म फरक उरतो. लक्षावधी खात्यांवर व्याज आकारताना हा फरक साचत जातो. म्हणून रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत, किंवा दशमान पद्धतीच्या खास प्रकारात ठेवतात.

प्रोग्राम लिहिण्याच्या चाचणीत वेगाचा विचार अपेक्षित असतो. १ लाख व्यवहार-क्रमांकांत एखादा क्रमांक दोनदा आला आहे काय, हे शोधावयाचे आहे असे समजावे. प्रत्येक क्रमांकाची उरलेल्या प्रत्येकाशी तुलना केली, तर सुमारे ५०० कोटी तुलना कराव्या लागतात. पाहिलेला प्रत्येक क्रमांक एका ‘हॅश’ तक्त्यात नोंदवीत गेले, तर १ लाख वेळा पाहूनच काम भागते. बदल्यात काही स्मृती खर्च होते. कोणती रीत निवडली, ती का निवडली आणि तिची किंमत काय, या तीन गोष्टी सांगता येणे म्हणजे उत्तर पुरे होणे.

मोठ्याने विचार करण्याची सवय

ग्रामीण विद्यार्थ्याची खरी उणीव ज्ञानापेक्षा बोलण्यात असते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. वर्गात गप्प बसणारा मुलगा शहाणा, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. मुलाखतीत मात्र गप्प बसलेल्या उमेदवाराच्या मनात काय चालले आहे, हे मंडळाला कळण्यास मार्ग नसतो. उत्तर मनात पूर्ण होईपर्यंत थांबू नये. प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा मांडावा, शंका असेल तर विचारावी, लहान उदाहरण घ्यावे, प्रथम सुचलेली साधी रीत सांगावी, तिच्यातील दोष दाखवावा आणि मग सुधारलेली रीत मांडावी. मंडळाने एखादी सूचना दिली, तर तो अपमान न समजता तिचा उपयोग करावा.

इंग्रजी कच्चे म्हणून पुष्कळजण आधीच खचतात. तांत्रिक शब्द इंग्रजीच असतात आणि ते उमेदवाराला ठाऊक असतात. अडते ते त्यांना जोडणाऱ्या वाक्यांपाशी. यावर उपाय म्हणजे रोज एक प्रश्न घेऊन त्याचे उत्तर प्रथम मराठीत व नंतर सोप्या इंग्रजीत, उभे राहून, मोठ्याने देणे. घरातील आईला किंवा आजोबांना ‘पैसे मध्येच का अडकतात’ हे मराठीत समजावता आले, तर विषय समजला असे धरावे. मग त्याचे इंग्रजी करणे कठीण जात नाही.

जे ठाऊक नाही, ते ठाऊक नसल्याचे सांगण्यास संकोच नसावा. बँकेच्या कामात अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर धोक्याचे असते. ‘याचे नेमके उत्तर माहीत नाही, परंतु शोध अशा दिशेने घेता येईल’ असे सांगणारा उमेदवार मंडळाला अधिक विश्वासाचा वाटतो.

स्वतःचा प्रकल्प, स्वतःचे गाव

पदवीच्या वर्षात केलेल्या प्रकल्पावर हमखास प्रश्न येतात. विकत घेतलेला वा उतरवून काढलेला प्रकल्प दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. त्यापेक्षा गावातील एखादी गरज घ्यावी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आणि नमुना ९ ही कर मागणीची नोंद. या दोहोंचा मेळ घालणारा, थकबाकी व वसुली दाखविणारा लहानसा प्रोग्राम विद्यार्थ्याने स्वतः लिहिला, तर डेटाबेस, हिशेब, अधिकारानुसार प्रवेश आणि नोंदीतील बदलांचा इतिहास या सर्व बाबी त्यात येतात. बँकेच्या कामाशी त्याचे नाते जवळचे आहे. मात्र सरावासाठी काल्पनिक नावे व आकडे वापरावेत. ग्रामस्थांची खरी माहिती उमेदवाराच्या संगणकात साठलेली असणे योग्य नाही, आणि ही जाणीव मुलाखतीत बोलून दाखविली तर तिचेही मोल होते.

मुलाखतीची सुरुवात बहुधा गावाच्या चौकशीने होते. ‘साखरखेर्डा कोठे आले?’ या प्रश्नाला ‘एक छोटेसे खेडे आहे, सर,’ असे ओशाळवाणे उत्तर देण्याचे कारण नाही. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथेच निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमधील आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. तालुक्याचे ठिकाण सिंदखेड राजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. शेजारच्या लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश जाहीर झाला. ही माहिती चार वाक्यांत, शांतपणे व अभिमानाने सांगता आली की उमेदवाराचा धीर बांधला जातो आणि पुढील तांत्रिक प्रश्नांना तो स्थिर चित्ताने सामोरा जातो.

गावाने काय करावे

या कामासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने सायंकाळी एक खोली, अखंड वीज व चांगले इंटरनेट यांची सोय करावी. आता अनेक चाचण्या व पहिल्या फेऱ्या घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर होतात; ऐन वेळी वीज गेली, तर संधीही जाते. त्या दिवसापुरती अशी खोली उमेदवाराला मिळाली, तरी पुष्कळ साधेल.

महिन्यातून एकदा सराव-मुलाखत घ्यावी. मंडळात बँकेचे एखादे अधिकारी, गणित-विज्ञानाचे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावातून शिकून नोकरीला लागलेला एखादा अभियंता असावा. तो दूर असेल तर मोबाईलवरून सहभागी होईल. शिक्षकांना संगणकशास्त्र येत नसले तरी अडचण नाही. ‘हे कसे? आम्हांला कळेल असे सांगा,’ एवढा आग्रह त्यांनी धरावा. उमेदवाराला नेमक्या त्याच सरावाची गरज असते. मुलींना या सरावात प्रारंभापासून सारखीच संधी द्यावी. पुण्या-मुंबईच्या नोकरीसाठी घरच्यांची समजूत घालण्याचे कामही पंचायत सदस्यांना करता येईल.

एका गोष्टीबद्दल सर्वांनीच सावध राहावे. मुलाखतीचे पत्र मिळवून देतो, निवड पक्की करतो, अनामत रक्कम भरा, असे सांगणारे भामटे तरुणांना गाठतात. जाहिरातीत दिलेल्या अर्जाच्या शुल्काखेरीज नोकरी देण्यासाठी बँक पैसे मागत नाही. अशा निरोपाची शहानिशा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर करावी आणि फसवणूक दिसताच पोलीस ठाण्यात कळवावे. जमीन गहाण ठेवून असा पैसा भरल्यावर पस्तावण्यात अर्थ उरत नाही.

निवड होणे वा न होणे हे जागा किती व स्पर्धा किती यांवरही अवलंबून असते. एका अपयशाने उमेदवाराला कमी लेखू नये. मुलाखतीहून परतल्यावर त्याच दिवशी विचारलेले सर्व प्रश्न त्याने वहीत उतरवून ठेवावेत. ती वही पुढच्या वर्षीच्या उमेदवाराला द्यावी. पाच-सहा वर्षांत गावापाशी स्वतःचा असा प्रश्नसंग्रह तयार होईल.

केंद्र शासनाच्या किसान सन्मान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता, पीककर्ज, वृद्धांचे निवृत्तिवेतन, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती हे सर्व आज बँकेच्या संगणकातून खेड्यातील खात्यात येते. एखादा हप्ता अडकला म्हणजे मजुरी बुडवून बँकेच्या दारात तिष्ठत बसणे काय असते, हे साखरखेर्ड्यात वाढलेल्या तरुणाला सांगावे लागत नाही. अशी जाण असलेली माणसे बँकेच्या तंत्रज्ञान-विभागात गेली, तर त्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खेड्यातील खातेदाराच्या अडचणीचा विचार आपोआप होईल. त्यांना तेथपर्यंत पोहोचविण्यासाठी लागणारी खोली, अचूक दाखले आणि महिन्यातील एक संध्याकाळ गावाने उपलब्ध करून द्यावी. येत्या भरतीची जाहिरात निघण्यापूर्वीच या कामास प्रारंभ झाला, तर त्याचा लाभ याच वर्षीच्या उमेदवारांना मिळू शकेल.